ऑटिझम, एडीएचडी आणि ‘बसायला’ जाणारी आपली पोरं

कर्वेनगरची_आई

विभाग चुकला असेल तर संपादकांनी धागा हलवावा. पालकत्वाच्या विभागात दारूचं नाव काढलं की संस्कारांपासून सुरुवात होते, म्हणून इथे लिहिते आहे.

मुलगा वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही, ते) निदान पाचवीत झालं, ऑटिझमचं गेल्या वर्षी. (२०१३ पर्यंत निदानाच्या अमेरिकन नियमावलीत ही दोन निदानं एकत्र द्यायचीच नाहीत असं होतं. नियम बदलला, पण डॉक्टरांचे हात त्याच वळणावर राहिले असावेत.) सकाळी एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेटची लाँग ॲक्टिंग (हळूहळू सुटणारी) गोळी घेतो. कॉलेज लांब म्हणून वडगावला तिघांत मिळून फ्लॅट घेतला आहे.

फ्लॅटमधल्या मित्राचा फोन आला, “काकू, तो हल्ली आम्ही नसतानाही घेतो.” पोरं बसतात हे मला माहीत होतं. एकटा बसतो हे माहीत नव्हतं. विचारलं तर लपवाछपवी नाही काही नाही, सरळ म्हणाला, “दोन घेतल्या की ट्यूबलाइटचा आवाज बंद होतो.”

आता घरात सगळ्यांनाच मत आहे. नणंद म्हणते गोळ्यांनीच नशेची सवय लावली, आधी त्या बंद कर. तिनेच एका रिक्षामागच्या जाहिरातीचा फोटो पाठवलाय, ‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’. चहातून पावडर द्यायची म्हणे. मोठे दीर एका व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर घेऊन बसलेत, तिथली माणसं गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात. मी अजून यातलं काहीच केलेलं नाही. इथे कुणी या वाटेने गेलं असेल तर लिहा.

पेठेतला_काका

ताई, राग मानू नका. आमच्या वेळी हे ऑटिझम-बिटिझम नव्हतं. एसपी कॉलेजात असताना आम्हीही गुपचूप बीअर प्यायलो, वडिलांना कळलं, दोन वाजवल्या, विषय संपला. मुलाला फ्लॅटवर ठेवलंय कशाला? घरी आणा, बसने जाऊ दे. निदान झालं म्हणजे सूट मिळाली असं होऊ नये एवढंच.

मनोवैद्य

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, पण इथे कुणाला तपासत नाही. तेव्हा हे सर्वसाधारण उत्तर समजा.

आधी पावडर. कृपया देऊ नका. अशा पुड्यांवर काय घातलंय ते लिहिलेलं नसतं. दारू सोडवायला जे डायसल्फिरम नावाचं औषध आहे, ते शरीरात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. क्वचित जीव जातो. म्हणून ते रुग्णाला पूर्ण सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. ज्यांना फिट येतात त्यांच्या बाबतीत तर फारच जपून, आणि ऑटिझममध्ये फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. गुपचूप कुणी चहात घालत असेल तर तो उपचार नव्हे, विषप्रयोग आहे. शिवाय ज्या मुलाला अन्नाची चव आणि पोत जरा बदललेला चालत नाही, त्याचा घरच्या चहावरचा विश्वास एकदा गेला की गेला.

दुसरं, गोळ्या बंद करण्याबद्दल. एडीएचडी असलेल्यांना दारूचं व्यसन लागण्याची शक्यता मुळातच इतरांपेक्षा जास्त असते, आणि ते प्यायला सुरुवातही लवकर करतात. लहानपणी नीट देखरेखीखाली घेतलेल्या गोळ्यांमुळे ही शक्यता वाढते असं अभ्यासांत दिसत नाही. उलट उपचार अर्धवट सोडलेला मुलगा संध्याकाळी स्वतःच स्वतःचा डॉक्टर होतो आणि वाईन शॉप हा त्याचा दवाखाना.

पण गोळी आणि दारू एकत्र हा प्रश्न वेगळा आहे आणि तो गंभीर आहे. मिथाइलफेनिडेटसोबत दारू घेतली तर रक्तातलं औषधाचं प्रमाण वाढतं. काही लाँग ॲक्टिंग कॅप्सूलमधलं औषध दारूमुळे हळूहळू सुटायच्या ऐवजी भसकन सुटू शकतं. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे गोळीमुळे चढल्याचं जाणवत नाही. मुलगा सरळ चालतो, नीट बोलतो, स्वतःला शुद्धीत समजतो आणि आणखी दोन घेतो. मग गाडीची किल्ली उचलतो.

गोंगाट_नको

मी २४. ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही. हिंजवडीत नोकरी. आईच्या वयाच्या लोकांना हे समजावं म्हणून लांबलचक लिहितोय.

ट्यूबलाइटला आवाज असतो. खरंच असतो. तुम्हाला येत नाही, आम्हाला येतो. ऑफिसच्या पार्टीत तर एसीचा आवाज, काट्या-चमच्यांचा, चार टेबलांवरची चार संभाषणं, आणि डोक्यात सतत चालू असलेला हिशेब: आता हसायचं का, माझी बोलायची पाळी आली का, मी याच्या डोळ्यांत फार वेळ पाहिलं का. ग्लासभर पोटात गेलं की हे सगळं रेग्युलेटर फिरवल्यासारखं खाली येतं. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मला वाटलं, अच्छा, बाकीची माणसं रोज अशी जगतात!

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. बसण्याला नियम असतात, आणि आम्हाला नियम आवडतात. कोण ऑर्डर देणार, चखणा मध्ये ठेवायचा, ग्लास भिडवायचे, मग एकाने जुन्या मॅडमची नक्कल करायची, मग एकाने रडायचं. चहाच्या टपरीवर नुसतं उभं राहून गप्पा मारायच्या म्हणजे मला घाम फुटतो, कारण तिथे पुढे काय होणार ते ठरलेलं नसतं. बसल्यावर ठरलेलं असतं. शिवाय विचित्र बोललो तरी ‘चढलीये रे याला’ म्हणून सुटका. कॉलेजच्या चार वर्षांत मला जे मित्र मिळाले ते सगळे असे मिळाले. काका, दोन वाजवून यातलं नेमकं काय संपलं असतं?

तोटा असा की पोट भरल्याची, लघवी लागल्याची, दमल्याची जाणीवच आमच्यापैकी अनेकांना उशिरा होते. तशीच चढल्याचीही. बाकीच्यांना तिसऱ्या पेगला शरीर सांगतं ‘बास’, मला दुसऱ्या दिवशी दुपारी सांगतं. आणि दुसऱ्या दिवशी आवाज दुप्पट. मग तो बंद करायला पुन्हा संध्याकाळ.

मी पूर्ण सोडलेली नाही. पण पार्टीला कानात लूपचे इअरप्लग घालतो, भिंतीला पाठ लागेल अशी खुर्ची धरतो, आणि दीड तासाने उठतो. उठायचं हे आधी मित्राला सांगून ठेवलेलं असतं, म्हणून कुणी ओढून बसवत नाही. गणपतीत पुण्यात राहतच नाही. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडच्या आसपास जो आवाज असतो, तो दारूशिवाय सोसणं मला शक्य नाही, म्हणून आधीच गावाला.

उनाड_सई

+१. माझं निदान तिशीत झालं, फक्त एडीएचडी. माझ्यासाठी आवाज नव्हता, कंटाळा होता. सकाळची गोळी पाच-सहाला उतरते, आणि मग जी पोकळी पडते ना, काही विचारू नका. चिडचिड, अस्वस्थपणा, काहीतरी पाहिजे, आत्ता पाहिजे, काय ते माहीत नाही. वाईन शॉपच्या माझ्या सगळ्या चकरा त्याच वेळेच्या असायच्या. माझ्या डॉक्टरांनी दुपारच्या डोसची वेळ आणि मात्रा बदलली आणि संध्याकाळी सहाची जिमची वेळ बांधून दिली. त्यानंतर पिण्याची ओढ अर्ध्यावर आली. कुणी मला व्यसनाबद्दल भाषण दिलं नाही हे विशेष.

मुलींच्या पालकांसाठी: आम्ही समोरच्याच्या हेतूबद्दल भाबड्या असतो, आणि ‘नाही’ म्हणायला वेळ लागतो. त्यात दारू. ‘तू कुठे आहेस’ हे चिडचिड न करता विचारणारं आणि रात्री दोनलाही घ्यायला येणारं एक माणूस असू द्या. आल्यावर प्रश्न दुसऱ्या दिवशी.

तर्ककर्कश

थोडी गल्लत होतेय का? माझ्या वाचनाप्रमाणे ऑटिझम असलेले लोक इतरांपेक्षा कमी पितात. केंब्रिजचा अभ्यास आहे, २०२१ चा. मग हा सगळा धागाच दोन-तीन प्रतिसादकांच्या अनुभवावर उभा नाही का?

मनोवैद्य

@तर्ककर्कश, अभ्यास बरोबर, निष्कर्ष अर्धा. सुमारे २४०० लोकांची पाहणी होती, ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आली. ऑटिझम असलेले लोक एकूणात कमी पितात हे त्यात होतंच. कारणं उघड आहेत: चव नको, वास नको, गर्दी नको, नियम मोडायला नको. पण जे नशेचे पदार्थ घेतात, त्यांच्यात मनाचा त्रास आणि ऑटिझमचा त्रास शमवायला घेण्याचं प्रमाण जास्त निघालं. त्याच्या आधी, २०१७ मध्ये, स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवरचा मोठा अभ्यास आला. त्यात ऑटिझम असलेल्यांत व्यसनाशी निगडित अडचणींचा धोका साधारण दुप्पट, आणि ऑटिझमसोबत एडीएचडी असेल तर सर्वाधिक.

म्हणजे सरासरी पाहून ‘आपला मुलगा यातला नाही’ म्हणायला जागा नाही. धागाकर्तीच्या मुलाला दोन्ही आहे, आणि तो एकटा पितो. तो किती पितो यापेक्षा एकटा का पितो, हे मी आधी विचारेन.

अर्थात कितीचा हिशेबही हवाच, कारण पोरं ‘दोन’ म्हणतात आणि दोन काय ते सांगत नाहीत. दहा ग्रॅम अल्कोहोलचं एक माप धरा. तीस मिलीचा पेग म्हणजे जवळजवळ एक माप. एक क्वार्टर (१८० मिली) म्हणजे सहा. आठ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बीअर म्हणजे चार. शरीर तासाला जेमतेम एक माप निकालात काढतं. ‘दोनच बीअर’ घेऊन रात्री एकला झोपलेल्या मुलाच्या रक्तात सकाळी गोळी घेताना दारू असू शकते.

कर्वेनगरची_आई

दोन म्हणजे दोन स्ट्राँग बीअर. आत्ताच विचारलं. म्हणजे आठ.

पेठेतला_काका

गोंगाट_नको, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. वाजवण्याबद्दलचं वाक्य मागे घेतो. पण मला प्रामाणिकपणे सांग, कारण कळलं म्हणजे पिऊ द्यायची का?

गोंगाट_नको

नाही काका. पण कारण न बघता बाटली काढून घेतली तर तो आवाज बंद करायला दुसरं काहीतरी शोधेल, आणि वडगावात दुसरं काहीतरी सहज मिळतं. आधी ट्यूबलाइट काढून पिवळा दिवा लावा. मी गंमत करत नाहीये.

जुना_गडी

सोडून बरीच वर्षं झाली, रोजच्या रोज सोडतो. मी जिथे दाखल होतो त्या केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं कौतुकाचं नाही.

आमच्या बॅचला एक पोरगा होता, बावीस-तेवीसचा. ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर स्वतःबद्दल बोलायचं असा तिथला नेम. हा तोंडच उघडेना. पंख्याखाली बसायचा, बोटं हलवायचा. समुपदेशक म्हणाले, ‘डिनायलमध्ये आहे’, म्हणजे व्यसन आहे हेच मानत नाही. डॉर्मिटरीत पंधरा खाटा, रात्रभर घोरणं, पहाटे पाचला घंटा. तो चौथ्या दिवशी भिंतीवर डोकं आपटायला लागला, त्यालाही दारूच्या खात्यात टाकलं. त्याला काय होतं हे मला आत्ता हा धागा वाचून कळतंय.

म्हणून सांगतो ताई, केंद्र वाईट नसतं. दारूने शरीर धरलं असेल तर दाखल व्हावंच लागतं. पण दाखल करण्याआधी विचारा: वेगळी शांत खोली आहे का, एडीएचडीच्या गोळ्या तिथे चालू ठेवतात का, ग्रुपमध्ये बोलण्याऐवजी लिहून दिलं तर चालेल का, दिवसाचं वेळापत्रक आधी हातात देतात का. या प्रश्नांवर जो हसतो, तिथून परत फिरा.

पुण्याचं नशीब चांगलं. १९८६ साली अनिल आणि अनिता अवचटांनी येरवड्यात मुक्तांगण उभं केलं, तेव्हा दारुड्याशी माणसासारखं बोलायचं असतं हेच नवीन होतं. तिथे पिणाऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालतो. घरच्यांनी स्वतःसाठी मदत घ्यायची असते, हे आपल्याकडे अजून गळी उतरत नाही. एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस) मराठी मीटिंगाही शहरभर होतात. आणि मीटिंगमध्ये न बोलता नुसतं मागे बसून राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही, हे त्या पोराला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

काळा_कोट

दिरांच्या गाडीबद्दल. वीस वर्षांचा मुलगा सज्ञान आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही येतात, त्यामुळे दाखल करण्याचे नियम इथेही लागू. त्याची संमती हवी. संमतीशिवाय दाखल करायचं तर एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा तज्ज्ञ किंवा डॉक्टर यांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्यासारखी गंभीर स्थिती असावी लागते. चार माणसांनी रात्री घरातून उचलून नेणं यात कुठेच बसत नाही, पैसे वडिलांनी भरले असले तरी. केंद्राची नोंदणी आहे का तेही विचारा.

वयाबद्दलही लोक गोंधळतात. महाराष्ट्रात बीअर एकविसाव्या वर्षी, हार्ड लिकर पंचविसाव्या. मे २०२४ च्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर काही पब सील झाले, थोडे दिवस ओळखपत्रं तपासली गेली. पुढचं तुम्ही रोज पाहताच. गाडी चालवताना मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

अवांतर: ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहे, एडीएचडी नाही. म्हणजे प्रमाणपत्रासाठी ऑटिझमचं निदान पुढे करा. ते असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही मिळतो.

कर्वेनगरची_आई

सगळ्यांचे आभार. जे झालं ते लिहिते.

समोरासमोर बसून बोलायचं टाळलं. त्याला ते पोलीस चौकीसारखं वाटतं असं त्यानेच पूर्वी सांगितलं होतं. स्कूटरवर मागे बसून तळजाईला गेलो आणि टेकडीवर चालता चालता बोललो. निम्मं उत्तर त्याने घरी परतल्यावर व्हॉट्सॲपवर दिलं, तेही तपशीलवार, वारांसकट. मंगळवार आणि गुरुवार, कारण त्या दिवशी सकाळी नऊ ते पाच प्रॅक्टिकल असतात आणि लॅबमध्ये मशीनचा आवाज. इतर दिवशी तो घेतच नाही! मी घरात महिनाभर रडत बसले असते तरी हे मला कळलं नसतं.

ट्यूबलाइट काढली. (फ्लॅटमालक कुरकुरले, काढली तरीही.) लॅबसाठी कानाला लावायचं आवाज अडवणारं यंत्र घेतलं, कॉलेजकडून त्याची परवानगी मागितली आहे. डॉक्टरांची वेळ गुरुवारी, दुपारच्या डोसबद्दल सईने लिहिलंय ते दाखवणार आहे. पिणं थांबलंय का? नाही. गेल्या मंगळवारी एक घेतली, स्वतःहून सांगितलं. स्कूटरची किल्ली त्या दोन दिवशी मित्राकडे असते, हे त्यानेच ठरवलं.

नणंद अजून बोलत नाहीये.

मनोवैद्य

छान. दारू एकदम बंद करायला मात्र सांगू नका. सध्याच्या प्रमाणावर भीती कमी आहे, पण रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर हात कापणं, भास, फिट असं होऊ शकतं, ते रुग्णालयात हाताळायचं असतं. इतर वाचकांसाठी: कुणाला दाखवावं हे सुचत नसेल तर टेलीमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

होस्टेलवासी_०७

वाचनखूण साठवली. मी पालक नाही, रूममेट आहे. आमच्याकडे एक जण असाच आहे, एडीएचडी. परवा एवढी झाली की उठवूनही उठेना. आम्ही लिंबूपाणी पाजलं आणि तोंडावर पाणी मारलं. पोलीस येतील म्हणून ॲम्ब्युलन्स नाही बोलावली. काय करायला हवं होतं?

मनोवैद्य

बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, लिंबूपाणी नाही, कॉफी नाही, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, गुडघा पुढे घ्या, म्हणजे उलटी झाली तर बाहेर पडेल. एकटं सोडू नका, ‘झोपू दे’ म्हणून दार लावून जाऊ नका. श्वास अडखळत असेल, ओठ निळसर पडत असतील किंवा हलवूनही प्रतिसाद नसेल तर १०८. येणाऱ्यांना तो काय प्यायला आणि कुठल्या गोळ्या घेतो हे खरं सांगा. त्याच्या गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो फोनमध्ये ठेवा.

होस्टेलवासी_०७

फोटो काढला. त्याला विचारूनच. एडीएचडीची एक आहे आणि दुसरी झोपेची निघाली, ती त्याला मित्राने दिलीय.

मनोवैद्य

झोपेची गोळी आणि दारू एकत्र कधीच नाही, श्वास थांबू शकतो. तिचं नाव मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि ते पाकीट आज रात्री त्याच्या उशाशी राहणार नाही एवढं बघा, त्याच्याशी बोलून.